लाकडी फ्लूटच्या कळेची पिन काढताना आणि बसवताना

कळ म्हणजे फ्लूटचं भोक उघडझाप करणारी धातूची पट्टी, आणि पिन म्हणजे लाकडातून आरपार जाणारी, कळ जिच्यावर हलते ती बारीक तार. आधी पिनेची दोन्ही टोकं भिंगातून पाहा. एक टोक वाकवलेलं असेल तर पिन त्याच बाजूने बाहेर ओढायची. सरळ पिन तिच्याहून किंचित बारीक, बोथट तारेने ढकला. हातोडी नकोच, बाहेर पडण्याच्या बाजूचं लाकूड उडतं. गंजलेल्या पोलादी पिनेला तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब देऊन रात्रभर थांबा. पिनांची अदलाबदल करू नका.

बसवताना खरी अडचण कळेखालच्या स्प्रिंगची. ती कळ वर उचलते, त्यामुळे कळेचं आणि लाकडाचं छिद्र एका रेषेत येत नाही. कळ पिनेच्या जागीच अंगठ्याने खाली दाबा, आरपार उजेड दिसला की पिन सरकवा. मध्येच अडली तर जोर लावू नका, नाहीतर ती लाकडात वाकडी वाट पाडते. दमट हवेत कळ अडकत असेल तर लाकूड घासण्याआधी फ्लूट पूर्ण सुकू द्या.