गाडीत एडास डॅशकॅम बसवलाय? या चुका टाळा

पुढची गाडी फार जवळ आली किंवा लेनची रेघ ओलांडली की पीं-पीं करणारा, एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेला डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवरचा कॅमेरा, आता कुणीही घेतं. आठवडाभरात तोच माणूस माझ्याकडे येतो. "अहो, हे सारखं वाजतं." डबा फोडून दहा मिनिटांत काचेला चिकटवलं, कॅलिब्रेशनचं, म्हणजे कॅमेऱ्याला क्षितिज कुठे आहे ते जुळवून देण्याचं, पान आलं तसं 'स्किप' दाबलं. वाजेल नाहीतर काय!

असा एकटा कॅमेरा अंतर मोजत नाही, अंदाज बांधतो. पुढच्या गाडीची चाकं क्षितिजाच्या किती खाली टेकलेली दिसतात, त्यावरून. कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटरवर असेल आणि एका अंशाने वर बघत असेल, तर ३० मीटरवरची गाडी त्याला २१ मीटरवर वाटते. एका अंशाने खाली बघत असेल तर तीच ५३ मीटरवर. मग ऐन वेळी तो गप्प बसतो.

मीही शहाणा नव्हतो. रिकाम्या गाडीत नीट कॅलिब्रेशन केलं आणि गणपतीला कोकणात निघालो. सीएनजीची हॅचबॅक, डिकीत सिलिंडर, उरलेल्या जागेत कोंबलेल्या पिशव्या, मागे तीन दणकट माणसं. ताम्हिणी उतरेपर्यंत त्या पीं-पींने डोकं उठलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ह्याचा गळा दाबा." दाबला. माणगाव सोडल्यावर पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला, तेव्हा माझी नजर पाटीवर होती. वीतभर अंतर राहिलं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

घरी पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी आणि नंतर चाकांवरच्या कमानींची उंची टेपने मोजली. ओझ्याने मागची बाजू चार सेंटीमीटर बसली होती. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४ मीटर धरला तर हा झाला जवळजवळ एक अंश. कॅमेरा तेवढाच वर बघत होता. तेव्हापासून लांब जायचं असलं की सगळं भरून, सगळ्यांना बसवून आधी हवा भरायला जातो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर क्षितिजाची रेघ पुन्हा जुळवतो. घरचे वैतागतात. वैतागू देत.

दुसरं दुखणं पार्किंग मोडचं, म्हणजे गाडी उभी असतानाही चालणाऱ्या रेकॉर्डिंगचं. "कुठूनही करंट घे रे" असं इलेक्ट्रिशियनला सांगून चहाला जाऊ नका. कायम चालू असलेली वायर आणि चावी फिरवल्यावर चालू होणारी वायर वेगवेगळ्या फ्यूजवर हवी. व्होल्टेज कट-ऑफही बघा, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हावा तो आकडा. उभ्या गाडीतली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ ला निम्मी झालेली असते. ११.८ वर ठेवणाऱ्यांनी जंपर केबल सोबत बाळगावी. मी १२.४ ठेवतो. रात्रभराचं रेकॉर्डिंग मिळत नाही, सकाळी गाडी मात्र सुरू होते.

पडद्याची (खिडक्यांवर वरून उघडणारी) एअरबॅग असलेल्या गाडीत काचेशेजारच्या खांबाच्या पट्टीखालून वायर नेताना ती एअरबॅगच्या मागून न्या, पुढून नाही.

कॅमेरा वायपर पोचतो त्याच पट्ट्यात लावा. पावसाळ्यात कळेल का ते.

मेमरी कार्ड 'हाय एन्ड्युरन्स'च, म्हणजे सततचं रेकॉर्डिंग सोसणारंच, घ्या. मोबाइलमधलं जुनं नको.

हे यंत्र फक्त ओरडतं, ब्रेक मारत नाही. "एडास आहे ना" म्हणून एक्सप्रेसवेवर ट्रकच्या शेपटीला चिकटणाऱ्यांची गाडी मी सेट करून देत नाही.

आणि लेन्सवरची प्लॅस्टिकची फिल्म काढा. हसू नका, गेल्याच महिन्यात एकाची मी काढली. चार महिने तशीच होती.