'अ बेटर टुमॉरो' मराठी उपशीर्षकांसह कसा दाखवावा

नाशिकमधील एखाद्या चित्रपट मंडळाला हाँगकाँगचा गुन्हेगारीपट दाखवायचा असेल, तर जॉन वू दिग्दर्शित आणि त्सुई हार्क निर्मित 'अ बेटर टुमॉरो' (१९८६) हाच निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. दादासाहेब फाळके यांचे मूकपट ज्या शहरात तयार झाले, तेथे पडद्यावरचा मजकूर वाचत चित्रपट पाहणे काही नवे नाही. मात्र तो मजकूर चांगल्या मराठीत असायला हवा.

आधी हक्कधारकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यावी. प्रतीतील ध्वनिपट्टी मँडरिन डबिंगची नसून मूळ कँटोनीज (हाँगकाँगमधील चिनी भाषा) आहे, याचीही खात्री करावी.

खरी मेहनत नात्यांच्या शब्दांवर आहे. 'हो' नावाचा थोरला भाऊ टोळीत आहे, धाकटा किट पोलिसात आहे, आणि या दोघांमधील तेढ हाच कथेचा गाभा आहे. कँटोनीजमधील 'दाय लो' या शब्दाचा अर्थ थोरला भाऊ असा होतो आणि टोळीचा म्होरक्या असाही होतो. इंग्रजी उपशीर्षकांत या दोहोंपैकी एकच अर्थ उरतो. मराठीत मात्र 'दादा' हा शब्द घरातही चालतो आणि गल्लीतल्या दहशतीलाही लागू पडतो, त्यामुळे तो निःशंकपणे वापरावा. किट चिडून भावाचे नाते नाकारतो तेथे 'दादा' आणि 'तू' सोडून कोरडे 'तुम्ही' आणावे, म्हणजे प्रेक्षकाला तुटलेपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एका वेळी दोनच ओळी ठेवाव्यात आणि वाक्य क्रियापदाआधी तोडू नये. फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात जतन करावी, नाहीतर देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सभागृहातील शेवटच्या रांगेत बसून वेलांट्या आणि रफार नीट दिसतात का, ते पाहावे.

तैवानमधील उपाहारगृहाच्या प्रसंगात अभिनेता चौ युन-फॅटने साकारलेला होचा मित्र मार्क बोळातून रमतगमत जाताना कुंड्यांमध्ये पिस्तुले लपवत जातो, मग दार उघडून दोन्ही हातांनी गोळ्या झाडतो आणि परतताना त्या कुंड्यांमधील पिस्तुले उचलतो. येथे उपशीर्षकांनी पडदा अडवू नये. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रसंस्थेच्या तलवारपटांत दिग्दर्शक चँग चेह यांचा सहायक म्हणून काम केलेल्या वू यांनी तीच निष्ठा आणि तोच सूड पिस्तुलांच्या जगात आणला. संथगती आणि दोन पिस्तुलांची ही मांडणी पुढे हॉलिवूडपर्यंत पोहोचली, तर उकाड्याच्या हाँगकाँगमध्ये तरुण मुले मार्कसारखा लांब कोट घालू लागली. आपल्याकडे संजय गुप्ता यांच्या 'आतिश'मध्ये (१९९४) या कथेची छाप स्पष्ट दिसते. चित्रपट संपल्यावर हा उपाहारगृहाचा प्रसंग पुन्हा एकदा, या वेळी आवाज बंद करून दाखवावा आणि मगच चर्चेला सुरुवात करावी.