योहानाचं पहिलं पत्र अभ्यासायला बसताना

चर्चचं पूर्ण सभासद होण्याआधीच्या, म्हणजे दृढीकरणाच्या वर्गातली प्रश्नोत्तरं माझी तोंडपाठ होती. पण "तुझा नवा जन्म झालाय का?" म्हणजे देवाकडून आतून नवं जीवन मिळालंय का, असं कुणी सरळ विचारलं, की घशाला कोरड पडायची. या प्रश्नापुढे मी एकटाच अडकलेला नाही, हे पंडिता रमाबाईंनी लिहिलेली आपल्या श्रद्धेची साक्ष वाचल्यावर कळलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांना त्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. ते त्यांनी मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. मला त्याने फार धीर आला.

तुम्ही आत्ता नव्या जन्माच्या अभ्यासाला बसत असाल, तर सुरुवात बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रापासून करा. पाच अध्याय, १०५ वचनं. पहिल्या दिवशी एका बैठकीत, मोठ्याने वाचून काढा; वीसएक मिनिटं लागतात. मग पेन्सिल घेऊन 'देवापासून जन्मलेला' हे शब्द शोधा. २:२९ मध्ये (दुसरा अध्याय, २९वं वचन) नीतीने वागणारा, ४:७ मध्ये प्रीती करणारा आणि ५:१ मध्ये येशू हाच ख्रिस्त आहे असा विश्वास धरणारा, असे तिघे देवापासून जन्मलेले म्हटले आहेत.

मी इथेच चुकलो. वहीत तीन रकाने आखले आणि रोज रात्री स्वतःला गुण द्यायला लागलो. आज खोटं बोललो, शून्य. आज प्रार्थना झाली, एक. दोन आठवड्यांत ३:९ पाशी पोहोचलो. देवापासून जन्मलेला पाप करत नाही, असं तिथे आहे. ते वाचून मी वही मिटून ठेवली. माझं नाव त्या यादीत नाही, अशी खात्रीच पटली होती.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यावर भाषण दिलं नाही. "मागे जा, १:८ वाच," एवढंच म्हणाले. आपल्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो, असं तोच योहान तिथे लिहितो. आणि २:१ मध्ये, कुणी पाप केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, असंही. 'कैवारी' हा शब्द मला तेव्हापासून फार जवळचा वाटतो. मग त्यांनी मूळ ग्रीकमधली क्रियापदं समजावली. ३:९ मधलं 'पाप करणं' चालू वर्तमानकाळात आहे, म्हणजे पापातच रमून राहणं. २:२९ आणि ५:१ मध्ये वागणं आणि विश्वास धरणं चालू आहे, पण जन्म मात्र आधीच होऊन गेलेला आहे. बाळ रडलं की बाहेर थांबलेल्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. पण रडलं म्हणून ते जन्मलं, असं कुणी म्हणत नाही. माझ्या रकान्यांत नेमका हा क्रम उलटा झाला होता. मी खुणा गोळा करून जन्म मिळवायला निघालो होतो.

पत्र कुणाला लिहिलंय हेही ध्यानात ठेवा. काही जण मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, निघून गेले होते (२:१९), आणि येशू देहाने आला हे नाकारणारे शिक्षक फिरत होते (४:२-३). मागे राहिलेली माणसं गोंधळली होती. त्यांना सार्वकालिक जीवनाची खात्री वाटावी म्हणून हे लिहिलंय, असं योहान ५:१३ मध्ये स्वतःच सांगतो. म्हणून शेजारच्या बाकावरच्या माणसाला या खुणांनी मोजू नका. मी तेही करून पाहिलं आहे, आणि त्या दिवसांत माझी प्रार्थना पार सुकून गेली होती.

भाषांतरं दोन तरी जवळ ठेवा. बायबल सोसायटीचं रोजच्या वाचनाला बरं. रमाबाईंचं, १९२४ साली त्यांच्या पश्चात पूर्ण छापून आलेलं, मूळ शब्दाला अधिक चिकटून चालतं. अडलेलं वचन दोन्हींत वाचलं की अर्थ पुष्कळदा मोकळा होतो.

मला सर्वांत जड गेलं ते ४:२०. डोळ्यांसमोरच्या भावावर प्रीती नाही, तर न दिसणाऱ्या देवावर कशी असेल? घराच्या वाटणीवरून दादाशी तीन वर्षं बोलणं बंद होतं. या वचनावर मी आठवडाभर अडून राहिलो. वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं. रविवारी उपासना सुटल्यावर घरी न जाता त्याच्याकडे गेलो. त्याने दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि आत हाक मारली, "अगं, चहा टाक, धाकटा आलाय."

वाटणीचा कागद अजून तसाच पडून आहे. दर रविवारी चहाला मात्र जातो.