तीन आरशांचा शोभादर्शक घरी कसा तयार करावा

शोभादर्शक, म्हणजेच कॅलिडोस्कोप, करायला घेण्यापूर्वी दोन सपाट आरसे पाठीमागून चिकटपट्टीने जोडावेत, पुस्तकासारखे उघडून उभे करावेत आणि त्यांच्यामध्ये बांगडीचा एक तुकडा ठेवावा. आरशांतील कोन ९० अंशांचा असताना तुकड्याच्या तीन प्रतिमा दिसतात, ६० अंशांवर पाच आणि ४५ अंशांवर सात. एका आरशातील प्रतिमा दुसऱ्या आरशाच्या दृष्टीने वस्तूच असते, त्यामुळे तिचीही प्रतिमा उमटते आणि प्रतिमा दोन्ही आरशांच्या मागे पडेपर्यंत हा क्रम चालू राहतो. कोन ५० अंशांचा केल्यास ३६० ला त्याने पूर्ण भाग जात नाही आणि मागच्या बाजूची नक्षी तुटलेली दिसते. सारी करामत कोनाची आहे.

स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१७ साली या उपकरणाचे पेटंट घेतले. दोन आरशांतून एकच गोल फूल दिसते. तीन आरशांच्या नळीत मात्र नक्षी चहूकडे पसरते.

नाशिककरांना साहित्यासाठी फार फिरावे लागत नाही. फोटोफ्रेमच्या दुकानातून ३ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर लांब अशा तीन पट्ट्या कापून घ्याव्यात व कडा तिथेच घासून घ्याव्यात. फुटक्या बांगड्या मेन रोडवरच्या एखाद्या बांगडीवाल्याकडे मागाव्यात. लांबी उगाच सांगितलेली नाही: निरोगी प्रौढ डोळ्याला साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे नळी आखूड झाली की तुकडे धूसर दिसतात.

पट्ट्यांची रुंदी सारखी असल्यास ६० अंशांचा कोन आपोआप साधतो. चकचकीत बाजू आत ठेवून त्या त्रिकोणात उभ्या कराव्यात आणि बाहेरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी. सांध्यांशी बारीक काळी रेघ दिसेल, कारण साध्या आरशाचा परावर्तक थर काचेच्या मागच्या बाजूस असतो आणि काचेच्या जाडीइतके अंतर मध्ये राहते. हौशी माणसाने तिची चिंता करू नये.

एका टोकाला मधोमध छिद्र पाडलेला पुठ्ठा लावावा. दुसऱ्या टोकाला पारदर्शक प्लास्टिक, त्यावर पुठ्ठ्याचे बोटभर उंच कडे आणि शेवटी ट्रेसिंग पेपर चिकटवावा. कड्यातील जागा तुकड्यांनी जेमतेम एकतृतीयांश भरावी, नाहीतर ते घरंगळत नाहीत. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश कमी होत असल्याने दूरचे त्रिकोण मंद दिसतात. म्हणून नळी उजळ आकाशाकडे रोखावी, सूर्याकडे मात्र कधीही नाही.