कॉम्प्रेसर बदलण्याआधी वायर मोजा : ऑफरोड गाडीत हवेचा कॉम्प्रेसर जोडताना या चुका टाळा

चाळकेवाडीच्या जांभ्यावर किंवा बामणोलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी घालताना टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतात. परत डांबरीवर आल्यावर ती भरली नाही, तर टायर तापतो, कडा घासतात आणि यवतेश्वर घाटाच्या वळणांवर गाडी डुलते. म्हणून साताऱ्यात आता बरेच जण बॉनेटखाली किंवा सीटखाली कॉम्प्रेसर कायमचा बसवून घेतात. (कासच्या पठारावर मात्र चाक घालू नका. २०१२ साली जागतिक वारशात गेलेली ती फुलं एका चाकोरीनेही कायमची जातात.)

बसवल्यावर थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. हवा भरायला फार वेळ लागतो, मध्येच बंद पडतो, फ्यूज जातो. मग कॉम्प्रेसरला शिव्या बसतात. माझं ठाम मत आहे की दोष बहुतेक वेळा कॉम्प्रेसरचा नसतो, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या करंटचा असतो.

पहिली चूक लायटर सॉकेटची. टायर भरायचा मध्यम आकाराचा कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर २० ते ३० अँपिअर खातो, दोन मोटरवाला ५० च्या वर जातो. सॉकेटचा फ्यूज असतो १० ते २० अँपिअरचा. तो उडाला की मोठा फ्यूज घालणारे महाभाग भेटतात. तसं कधीही करू नका. फ्यूज वायरला वाचवायला असतो. मोठा फ्यूज घातला की आधी डॅशबोर्डमागची वायर जळते. कॉम्प्रेसरची वायर थेट बॅटरीवरूनच आणा.

दुसरी चूक वायरच्या जाडीची, आणि खरी मेख इथेच आहे. घरच्या फिटिंगमधली अडीच एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) वायर उरलेली असते, तीच गाडीत जाते. तिचा रोध मीटरला साधारण ८ मिलिओहम. बॅटरीपासून दोन मीटर जायला आणि दोन मीटर परत यायला, असे चार मीटर धरले तर ३० अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वायरीतच जातो. सहा एमएमची वायर घेतली तर हीच घट ०.४ व्होल्ट होते, दहा एमएमला पाव व्होल्टपेक्षा कमी. व्होल्टेज पडलं की मोटर हळू फिरते आणि तेवढीच हवा भरायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे मोटर जास्त तापते. बॉनेटखाली बसवणार असाल तर सहा एमएम, मागे डिकीत नेणार असाल तर दहा किंवा सोळा. वायर गाडीसाठीचीच घ्या, बारीक तारांची आणि उष्णता सोसणारी. घरची पीव्हीसी वायर इंजिनाच्या धगीने कडक होऊन तडकते.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. कॉम्प्रेसरजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरला काहीच संरक्षण देत नाही. ती वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा करंट बॉडीत जातो आणि आग लागते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) नेताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेचं रबरी कडं, घालाच.

मोटरचा मोठा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून न नेता रिलेतून न्यायचा. रिले म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर आतल्या कॉइलने चालणारा मोठा स्विच. त्याच्या पिनांवर आकडे असतात, त्यामुळे जोडणी सोपी आहे. ३० ला बॅटरीची फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला कॉम्प्रेसर, ८६ ला स्विचकडून येणारा प्लस, ८५ ला अर्थ. पाच पिनांच्या रिलेत मधल्या ८७ए ला कॉम्प्रेसर जोडला गेला, तर स्विच बंद असताना तो चालतो. काही रिलेंच्या आत डायोड असतो. त्यात ८५ आणि ८६ ची अदलाबदल झाली तर स्विचचा फ्यूज लगेच जातो. ४० अँपिअरच्या एका रिलेवर दोन मोटरी लादू नका, प्रत्येक मोटरला वेगळी रिले द्या.

हवेची टाकी असेल तर प्रेशर स्विच (ठरलेला दाब झाला की मोटर बंद करणारा) रिलेच्या कॉइलच्या वाटेवर ठेवा. मोटरचा पूर्ण करंट त्यातून नेला की त्याचे पॉइंट जळून चिकटतात. मग मोटर थांबत नाही आणि सगळा भरवसा सेफ्टी व्हॉल्व्हवर येतो. स्विचला प्लस इग्निशनवरून घ्या. थेट बॅटरीवरून घेतला आणि पाइपात कुठे गळती असली, तर रात्री उभ्या गाडीत कॉम्प्रेसर सुरू होत राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं.

अर्थिंगकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला आणि वरून ग्रीस लावा. चेसिसवर बॉडी रबरावर बसलेली असते, त्यामुळे दोघांमधली अर्थ पट्टी शाबूत आहे का तेही बघा. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट खांबाला न जोडता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडा, नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा लागतो.

आता दोष शोधायची पद्धत. बंद गाडीत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (वायर अखंड आहे की तुटलेली) बघून ‘वायर ठीक आहे’ म्हणणं व्यर्थ आहे. एकच तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो, पण ३० अँपिअर तिच्यातून जात नाहीत. इंजिन चालू ठेवा, कॉम्प्रेसर टायरला जोडून चालवा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं कॉम्प्रेसरच्या प्लसवर. जो आकडा येईल ती प्लसच्या वाटेवरची घट. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर फ्यूजच्या दोन बाजू, रिलेच्या ३० आणि ८७, प्रत्येक थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) असं एकेक मोजत जा. जिथे आकडा उडी मारतो तिथेच दोष. मग बॅटरीच्या मायनसपासून कॉम्प्रेसरच्या मायनसपर्यंत तसंच करा. हाताला गरम लागणारा फ्यूज होल्डर किंवा पक्कडीने नुसतं चेपलेलं थिंबल अशा वेळी हमखास सापडतं. थिंबल क्रिंपिंग टूलनेच दाबा आणि वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा.

दोन्हीकडे घट कमी आहे आणि तरी कॉम्प्रेसर मध्येच थांबतो? मग तो तापला असेल. आतला थर्मल कटआउट मोटर बंद करतो आणि थंड झाल्यावर आपोआप चालू करतो. डब्यावरची ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळेपैकी किती वेळ चालवायचा, ती वाचा. ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालवल्यावर वीस मिनिटं विश्रांती. मोठे टायर असतील तर दोन भरून बॉनेट उघडं ठेवा आणि थांबा. पुन्हा सुरू करताना फ्यूज जात असेल, तर आधी पाइपातली दाबलेली हवा सोडा. भरलेल्या दाबाविरुद्ध सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते.