मेंदूला गंभीर मार लागलेला माणूस घरी येतो तेव्हा: गोंधळाचा टप्पा कसा पार पाडावा

पेशंट शुद्धीवर आला म्हणून घरात आनंद होतो आणि आठवड्याभरात घाबरलेले फोन सुरू होतात. शिव्या देतोय, नळ्या उपटतोय, आईला बाई कोण म्हणून विचारतोय, आधी गप्प होता तेच बरं होतं. अशा घरांतून मी पुष्कळदा रात्रीची बसले आहे. धाकट्या भावाचा मोटरसायकलवरून अपघात झाला तेव्हा याच टप्प्याने मला सर्वांत जास्त रडवलं, कारण याबद्दल डिस्चार्जच्या वेळी कुणी अक्षरही सांगितलं नव्हतं. एअर बेड, औषधं आणि फिजिओथेरपिस्टची वेळ ही सोय झालेली आहे असं धरून लिहिते.

१. फाईल समजून घ्या

फाईलवर जी.सी.एस. (ग्लासगो कोमा स्केल) म्हणून एक आकडा असतो, पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारा. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ही मोजणी आणली. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून ३ ते १५ गुण, आणि ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर इजा. हा आकडा सुरुवातीच्या दिवसांसाठी आहे. घरी आल्यावर तो धरून बसू नका. पुढच्या सुधारणेसाठी कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात तयार झालेल्या पायऱ्या जास्त उपयोगी पडतात. डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना सरळ विचारा, "आमचा पेशंट रँचोच्या कितव्या पायरीवर आहे?" चौथ्या पायरीचं वर्णनच 'गोंधळलेला आणि अस्वस्थ' असं आहे, आणि ती तिसरीच्या वरची पायरी आहे. म्हणजे ज्या आरडाओरड्याने घर हादरतं, तो बहुतेक वेळा पेशंट पुढे सरकल्याचा पुरावा असतो.

सुजलेल्या मेंदूवरचा दाब कमी व्हावा म्हणून कवटीचं हाड काढलं असेल तर ते कुठे ठेवलंय ते विचारा. आपल्याकडे ते अनेकदा पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि नंतरच्या ऑपरेशनमध्ये परत बसवतात. तोवर त्या बाजूवर निजवायचं नाही आणि उठवून बसवताना, चालवताना डोक्यावर हेल्मेट हवंच.

२. कूस

दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा.

३. तोंडाने भरवणं

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय एक चमचाही नाही. "थोडं पाणी तरी पाजा, घसा सुकला असेल" हा सल्ला सर्वांत घातक आहे. पातळ पाणीच सर्वांत आधी श्वासनलिकेत उतरतं, आणि मेंदूला मार लागलेल्या माणसाला तेव्हा ठसका लागेलच असं नाही. न्यूमोनिया मात्र होतो. परवानगी मिळाली की ताठ बसवून भरवा आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

४. हात-पाय

रोज, हळूहळू, थेरपिस्टने दाखवलं तेवढंच. आखडलेलं कोपर जोर लावून सरळ करणाऱ्या मालीशवाल्याला दारातूनच परत पाठवा. अशा इजेनंतर कोपर, खुबा, गुडघा यांच्या भोवती नको तिथे हाड धरण्याची भीती असते आणि जबरदस्तीने ती वाढते. प्रत्येक पाहुणा आणतो तो पिवळा हसरा बॉलही कपाटात ठेवा. ज्या मुठी आधीच घट्ट आवळलेल्या आहेत त्यांना आणखी आवळायचा सराव कशाला? अधू हात धरून ओढत उठवू नका, खांदा निसटतो.

खासगी थेरपी झेपत नसेल तर मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. सरकारी आहे, आणि फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच सगळं एकाच आवारात मिळतं.

५. गोंधळाचा टप्पा

या काळात नवी आठवण मेंदूत टिकत नाही. सकाळचं दुपारी पुसलेलं असतं. डोळे उघडावेत तर अनोळखी खोली, अंगाला नळ्या, अनोळखी माणसं, आणि आपण इथे का आहोत याचा पत्ता नाही. अशा स्थितीत कुणीही हात झटकेल, ओरडेल.

आरडाओरडा अचानक वाढला तर आधी शरीर तपासा. लघवी तुंबली आहे का, पोट साफ झालंय का, ताप आहे का, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी ओढली जातेय का, पाठीला जखम होतेय का. त्याला सांगता येत नाही म्हणून तो पाय झाडतो. कितीतरी घरांत 'वेड लागल्यासारखं' वागणं एनिमा दिल्यावर तासाभरात थांबलेलं मी पाहिलंय.

नंतरची गोष्ट मी हात जोडून सांगते. "मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" हा प्रश्न घरातून हद्दपार करा. प्रत्येक मावशी, प्रत्येक शेजारी पलंगापाशी येऊन तोच विचारतो. पेशंटला उत्तर आठवत नाही, तो अंदाज ठोकतो, चुकतो, सगळ्यांचे चेहरे पडतात, आणि पुढच्या वेळी तेच चुकीचं उत्तर त्याच्या तोंडी येतं. यामागे शास्त्र आहे. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की ज्यांची स्मृती गंभीररीत्या बिघडली आहे ती माणसं चुकू न देता शिकवलं तर जास्त चांगलं शिकतात. आपण चुकीतून शिकतो ते चूक लक्षात राहते म्हणून. त्याला आपण चुकलो हेच आठवत नाही, ओठांवर आलेला शब्द मात्र रुजतो. म्हणून विचारायचं नाही, सांगायचं.

सांगायचं असं: "मी ताई. आपण सांगलीला घरी आहोत. आज मंगळवार. तुझा गाडीवर अपघात झाला होता, आता तू बरा होतोयस." एवढंच, हळू आवाजात, समोर बसून. घरातल्या प्रत्येकाने हीच वाक्यं याच क्रमाने म्हणायची. समोरच्या भिंतीवर हीच वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहा आणि कालनिर्णय त्याच्या नजरेच्या उंचीवर लावून गेलेल्या तारखा रोज खोडा. दिवसातून वीस वेळा सांगावं लागलं तरी विसाव्या वेळचा सूर पहिल्यासारखाच हवा. "आत्ताच सांगितलं ना!" हे वाक्य गिळून टाका.

तो म्हणेल, "सकाळी ऑफिसला जाऊन आलो." हे खोटं बोलणं नव्हे. आठवणीतली मोकळी जागा मेंदू आपोआप भरतो आणि त्याला ते खरंच घडल्यासारखं वाटतं. वाद घालू नका, होला होही करू नका. "ऑफिसात तुझ्या शेजारी कोण बसतं माहितीये मला, कदम," असं म्हणत जुन्या, पक्क्या आठवणीकडे वळवा. सर्वांत कठीण जातं ते गेलेल्या माणसाबद्दल विचारतो तेव्हा. वडील वारल्याचं दर वेळी सांगितलं तर दर वेळी त्याला नव्याने सुतक लागतं. मी म्हणायचे, "बाबा आत्ता इथे नाहीत. आठवण येतेय का तुला त्यांची?" यात खोटं काही नाही, आणि तो बाबांबद्दल बोलायला लागायचा.

भेटायला येणाऱ्यांना थांबवा. या बाबतीत मी कुणाचीच भीड ठेवत नाही. एका वेळी एक माणूस, दहा मिनिटं, तेही दुपारची झोप झाल्यावर. टीव्ही बंद, व्हिडिओ कॉल बंद. "ओळखीचे आवाज कानावर पडू देत, मेंदू जागा होईल" असं म्हणत पाच जण एकदम बोलतात, आणि रात्रभर पेशंट तळमळतो. गोंधळलेल्या मेंदूला आवाज निवडता येत नाहीत, सगळे एकदम आदळतात. गावाहून आलेल्यांना चहा बाहेरच्या खोलीत द्या, राग आला तर येऊ दे.

हात बांधू नका. बांधलं की तो जास्त झुंजतो. नळी ओढतो म्हणून काही करायचंच असेल तर बोटांवरून जाणारे जाड मऊ हातमोजे घाला, सुटी नळी कपड्याखालून न्या. पलंगावरून पडण्याची भीती असेल तर गादी जमिनीवर घाला आणि भोवती आणखी गाद्या पसरा. येरझाऱ्या घालायच्या असतील आणि पाय साथ देत असतील तर अडवू नका, बरोबर चाला. एक जागं माणूस कायम जवळ हवं, म्हणून पाळ्या लावा. एकट्या बायकोवर किंवा आईवर हे टाकू नका, तिसऱ्या रात्री तिचाच तोल जातो.

झोपेच्या गोळीबद्दल. "द्या काहीतरी, शांत झोपू दे" असं स्वतःहून म्हणू नका. अस्वस्थ पेशंटला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉल आणि झोपेच्या नेहमीच्या गोळ्या या काळात सुधारणा मंदावू शकतात म्हणून मेंदूच्या पुनर्वसनातले डॉक्टर त्या जपून वापरतात. गोळी दिलीच तर तीन गोष्टी विचारा: नाव काय, कशासाठी, कधी बंद करायची. झटक्यांसाठी दिलेल्या लेव्हेटिरासिटॅमने काही जणांचा चिडकेपणा वाढतो, तेही डॉक्टरांना विचारा. पण झटक्यांचं औषध स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायचं नाही. झोपेसाठी घरी करण्यासारखं म्हणजे सकाळी उन्हात बसवणं, दुपारी तासाभराहून जास्त झोपू न देणं, रात्री खोलीत अंधार.

मारलं, शिवी दिली, तर मागे सरा, आवाज खाली आणा, दोन मिनिटं बाहेर जा. परत आलात तर त्याला काही आठवत नसतं. "काल तू मला चावलास" असं कधीही काढू नका.

टप्पा संपत आल्याची खूण ही: न विचारता तो कालचं काही बोलतो. "काल तू उप्पीट केलं होतंस." एकदा बोलला म्हणून पेढे आणू नका, असं सलग काही दिवस व्हायला हवं. ती तारीख वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. अपघातापासून तिथपर्यंतचा काळ जितका लांब, तितकी इजा जड मानतात. आठवड्याच्या वर गेला तर अतिगंभीर.

६. त्यानंतर

महिन्यातून एकदा, त्याच खुर्चीत, तीच कामं करताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. रोज बघून फरक कळत नाही. तो लवकर थकेल. आंघोळ आणि एक पाहुणा एवढ्यात दिवस संपेल. नुसता बसून राहील, सांगितल्याशिवाय उठणार नाही. त्याला आळशी म्हणू नका, कपाळामागच्या भागाला मार लागला की काम सुरू करणंच जमत नाही. मोबाइलमधलं यूपीआय बंद करा आणि गाडीची किल्ली लपवा, डॉक्टर लेखी हो म्हणेपर्यंत.

"सहा महिन्यांत जे व्हायचं ते होतं" असं सांगणाऱ्यांचं ऐकून थेरपी बंद करू नका. पहिल्या सहा महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, पण सुधारणा दोन वर्षं आणि त्यापुढेही चालते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या इजेवरच्या अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय अभ्यासात दोन आठवड्यांनंतरही भान नसलेल्या रुग्णांपैकी बहुतेक जण वर्षभरात भानावर आले होते.

७. उलटं जायला लागलं तर

आलेली गोष्ट जाणं हा धोका. बोलत होता तो गप्प होत चालला, दिवसभर पेंगतोय, उलट्या होतात, चाल बिघडली, कपड्यांत लघवी व्हायला लागली, हाड काढलेली जागा फुगून कडक झाली, झटका आला. डोक्यात पाणी साठणं किंवा पुन्हा रक्त साकळणं अशाने कळतं. सकाळची वाट बघू नका. जुनी फाईल आणि सी.टी.च्या फिल्म घेऊन त्याच रात्री न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्या, आणि शेवटचं नीट बोलणं कोणत्या दिवशी झालं होतं ते वहीतून दाखवा.