छत्रीतला नल पॉइंट

एमएस्सीला असताना मॅग्नेटिक रिकनेक्शन, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूत (प्लाझ्मात) चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळणं, आपल्याला कळलंय, अशी माझी पक्की समजूत होती. फळ्यावर एक्स काढायचा. वरून-खालून उलट दिशांच्या क्षेत्ररेषा येतात, मधे तुटतात, नव्याने जोडल्या जाऊन डावी-उजवीकडे फेकल्या जातात. झालं! पुण्यातच पीएचडीला लागलो आणि महिन्याभरात कळलं की ही चपट्या जगातली गोष्ट आहे. तीन मितींत रिकनेक्शनला नल पॉइंट, म्हणजे क्षेत्र शून्य होतं ती जागा, लागतेच असं नाही. क्षेत्राच्या दिशेने विद्युतक्षेत्र उभं राहिलं की पुरे. आणि रेषा एका ठिकाणी कट्कन तुटतही नाहीत. एका पूर्ण भागातून जाताना त्या सतत जोडीदार बदलत राहतात.

नल असलाच तर तो कसा दिसतो, हे मला समीकरणातून नाही, गणेशखिंड रस्त्यावर बसची वाट बघताना कळलं. हातात छत्री होती. दांडा म्हणजे स्पाइन, ताणलेलं कापड म्हणजे फॅन, दोन्ही भेटतात तिथे नल. सूर्यावर एका ध्रुवतेचा ठिपका चहूबाजूंनी उलट ध्रुवतेत सापडला की अशीच घुमटासारखी छत्री तयार होते. तिथे फ्लेअर, म्हणजे सौरज्वाला, झाला तर छत्रीची कड वर्णावरणाला (सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थराला) टेकते तिथे गोल पट्टा उजळतो, आणि बाहेरच्या स्पाइनचा पाय टेकतो तिथे लांबवर वेगळाच ठिपका. आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरची ‘सूट’ (SUIT) ही अतिनील दुर्बीण आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेत, घडली. तिची चित्रं बघताना असे पट्टे शोधायची मला सवयच लागली आहे.

संगणकाला हात लावण्याआधी एक गणित वहीत करा. क्षेत्राचे घटक x, y आणि −२z घ्या. डायव्हर्जन्स, म्हणजे एका बिंदूतून क्षेत्र निव्वळ किती बाहेर पडतं ते, १ + १ − २, म्हणजे शून्य; चुंबकीय क्षेत्राचं ते शून्यच असावं लागतं. z अक्ष हा स्पाइन, z = ० हे प्रतल फॅन. क्षेत्ररेषा काढल्या की r²z स्थिर येतं (r म्हणजे z अक्षापासूनचं अंतर). अर्ध्या तासाचं काम. मी ते 'बाळबोध' म्हणून सोडलं आणि तीन आठवडे घालवले.

झालं असं, की सिम्युलेशनमधल्या नलभोवतीचा फॅन मला भलत्याच कोनात झुकलेला दिसत होता. मी लगेच नवीन भौतिकशास्त्र सापडल्याच्या थाटात आकृत्या काढल्या. सरांनी दोन मिनिटं बघून विचारलं, "आयगेनव्हॅल्यूंची बेरीज शून्य येतेय का बघितलंस?" आयगेनव्हॅल्यू म्हणजे नलभोवती मुख्य दिशांना क्षेत्र किती वेगाने बदलतं ते तीन आकडे; त्यांची बेरीज म्हणजेच डायव्हर्जन्स. ती शून्य येत नव्हती. करंट शीट, म्हणजे रिकनेक्शन होतं तिथला विद्युतप्रवाहाचा पापुद्रा, फार पातळ असते, म्हणून तिच्या आरपार, z दिशेला, ग्रिड दुप्पट बारीक ठेवलेलं; माझ्या कोडात मात्र तिन्ही दिशांना एकच अंतर. त्यामुळे z दिशेचा उतार निम्माच निघत होता. वहीतलं उदाहरण या कोडात घातलं तर १ + १ − १ येतं. पाच मिनिटांत उघडं पडलं असतं.

शीट इतकी पातळ का आणि तिच्यातून रिकनेक्शन किती हळू होतं, हे समजायला स्वीट-पार्कर हे रिकनेक्शनचं जुनं मॉडेल एकदा आकडे घालून सोडवा. पार्करचा पेपर १९५७चा. कोरोनासाठी, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणासाठी, लुंडक्विस्ट संख्या (प्लाझ्मा किती उत्तम वाहक आहे याचं माप) १०^१२ आणि अल्फ्वेन काळ (चुंबकीय लहरीला तो भाग ओलांडायला लागणारा वेळ) १० सेकंद धरला, तर रिकनेक्शनला १० सेकंद × √१०^१२, म्हणजे १०^७ सेकंद, म्हणजे जवळजवळ चार महिने लागायला हवेत. फ्लेअरची ऊर्जा मिनिटांत सुटते. हा फरक स्वतःच्या पेनाने कागदावर येईपर्यंत पेट्शेक, प्लास्मॉइड वगैरे जलद रिकनेक्शनची मॉडेलं वाचू नका. नाहीतर सगळं नुसतं पाठांतर होतं.

नेट, जेस्ट या संशोधनासाठीच्या परीक्षांच्या तयारीत प्लाझ्मा फारच कमी येतो, पण सदिश कलन आणि विद्युतचुंबकी आयुष्यभर पुरतं. मोठ्या क्लस्टरचीही घाई नको. ६४ × ६४ × ६४ च्या ग्रिडवर क्षेत्राचे तिन्ही घटक जेमतेम ६ एमबीत मावतात. जुन्या लॅपटॉपवर नल शोधा, सापडला की तिथल्या तीन आयगेनव्हॅल्यू छापून घ्या, आणि आकृती काढण्याआधी त्यांची बेरीज करा.